खिशातली वजने

सोमवार, ११ नोव्हेंबर

रोज काय खाल्ले आणि त्यातले किती उलटून पडले याची नोंद ठेवा, असे डॉ. सबनीस यांनी सांगितले आहे. त्यांना हवी ती नोंद मी एका साध्या वहीत ठेवीन. ही दुसरी वही माझी. हिच्यात मी अचूक लिहिणार आहे, कारण ही कोणालाही दाखवायची नाही.

सोळावा आठवडा. मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहात मी आतापर्यंत तीनदा गेले आणि तिन्ही वेळा माझे लक्ष तिथल्या वजनकाट्याने वेधले. काटा उंचसखल फरशीवर ठेवलेला, त्याचा एक पाय अधांतरी. नर्सला तसे सांगितले, तर ती म्हणाली, "मॅडम, दोन-चार ग्रॅमनी काय होतंय?" मापनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, साकीनाक्याच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेची तांत्रिक प्रमुख तुमच्यासमोर उभी आहे, सोनारांचे आणि औषध कारखान्यांचे काटे खरे की खोटे हे तिच्या सहीने ठरते, असे मी तिला सांगू शकले असते. सांगितले नाही. काटा सपाट जागी सरकवून घेतला आणि पुन्हा उभी राहिले. आकडा तोच आला. गेल्या महिन्यापेक्षा कमी.

डॉक्टर म्हणाल्या, "सुरुवातीला होतं असं. उलट्या थांबल्या की वाढेल. पुढच्या वेळी मात्र मला वाढलेलं दिसलं पाहिजे हं, ऋता."

उलट्या तेराव्या आठवड्यातच थांबल्या. हे मी त्यांना सांगितलेले नाही.

पहिल्या भेटीत एक छापील अर्ज भरून घेतला होता. 'पूर्वी खाण्यासंबंधी काही आजार?' या रकान्यात मी 'नाही' लिहिले. ते खोटे नव्हे. आजार माणसाला होतो. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला काही झाले नव्हते, मी ते केले होते. त्या वर्षी आठ महिने पाळी आली नाही, आणि मी विद्यापीठात पहिली आले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सासूबाईंविषयी लिहायला हवे. पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण घंटा वाजवण्याची सवय गेली नाही. सकाळी साडेसातला चार कप्प्यांचा डबा ओट्यावर ठोकून ठेवतात.

"पालकाला तूप जरा जास्तच घातलंय. बोलू नकोस काही."

"आई, एवढं संपत नाही मला."

"तुला कुठे संपवायचंय? अर्धं तू खा, अर्धं बाळ खाईल."

केयूर दाढी करता करता ओरडला, "आई, डबा देतेस की लग्नाची पंगत पाठवतेस? लिफ्टमध्ये मावणार नाही ती!" माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांची नजर फारशी बारीक नसते.

डबा प्रयोगशाळेत दशरथ परब खातात. ते आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, जोगेश्वरीला एकटे राहतात, कुटुंब मालवणकडे. प्रमाण वजने हाताळण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. मखमलीच्या पेटीतले पोलादी वजन ते मऊ चामड्याचे हातमोजे घालून असे उचलतात की जणू झोपलेले मूल. उघड्या बोटांचा ठसा उमटला तरी घामातेलाने वजन बदलते, हे नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात.

पहिल्या दिवशी डबा पुढे केला तेव्हा ते संकोचले. "तुमका नको?"

"मला वास सहन होत नाही. तुम्ही खाल्लात तर वाया जाणार नाही."

"डोहाळे कडक दिसतत," म्हणाले आणि जेवले. तेव्हापासून रोजचे झाले. संध्याकाळी धुतलेला डबा पाहून सासूबाई खूश, दुपारी वडापाव चुकला म्हणून दशरथ खूश. मी एक सफरचंद खाते, आठ फोडी करून. कोणाचेही नुकसान न होता तिघांचे समाधान होते, अशा व्यवस्था जगात थोड्याच.

रविवार, १ डिसेंबर

बोरिवलीहून आई आली होती. पासष्टाव्या वर्षीही पाठ ताठ, ब्लाउजचे माप लग्नातले. दारातच मला वळवून पाहिले.

"पाठून बघितलं तर काही कळतच नाही हो!" सासूबाईंना कौतुकाने म्हणाली. "हिच्या वेळी मी नुसती म्हैस झाले होते. हिच्या बाबांनी तोंडावर सांगितलं होतं तसं. ऋताने मात्र छान राखलंय स्वतःला."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, पण आता राखायचे दिवस आहेत का हे?"

"पोर नऊ महिन्यांत बाहेर येतं. चरबी येत नाही."

मी हसले. खरे सांगायचे तर निकालाच्या दिवशी यादीत पहिले नाव वाचताना वाटले होते तसे वाटले. सासूबाईंनी माझ्यासमोर डिंकाचा लाडू ठेवला होता. आईने तो उचलून डब्यात परत ठेवला, आणि मी तिचे मनात आभार मानले.

सोमवार, ९ डिसेंबर

आज मोठी सोनोग्राफी. विसावा आठवडा. पडद्यावर पाठीचा कणा दिसला, मणी एकसारख्या अंतरावर, इतकी सुबक मांडणी मी कोणत्याही यंत्रात पाहिलेली नाही. मग तळहात उघडला आणि मिटला. केयूर म्हणाला, "टाटा करतंय बघ!" आणि रडू लागला.  मनात म्हटले, आज जेवायचे. नीट. याच्यासाठी.

त्यानंतर डॉ. सबनीसांच्या खोलीत काट्यावर उभी राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. "काहीच वाढ नाही. रक्तही कमी आहे. ऋता, जानेवारीत हे असंच असेल तर मी तुम्हाला दाखल करून घेणार. आहारतज्ज्ञ बोलवू, सलाइन लावू, आणि समोर बसवून जेवायला घालू. चालेल?"

शेवटचे वाक्य त्या हसत म्हणाल्या. माझ्या हातांना घाम फुटला.

घरी आल्यावर वाटीभर वरणभात खाल्ला. सासूबाईंनी लिंबू पिळून दिले होते, चव चांगली होती, हे लिहिणे मला भाग आहे. नंतर तो भात पोटात दगडासारखा बसला आणि डोक्यात एक आवाज सुरू झाला. तो रागावत नाही, फक्त मोजत राहतो. पुढचे दोन दिवस त्याची भरपाई करण्यात जातील. तळहात उघडतो-मिटतो ते मी डोळ्यांपुढे आणून पाहिले. आवाज थांबला नाही.

सोमवार, ६ जानेवारी

लिहिते, कारण येथे अचूक लिहायचे ठरले आहे.

सकाळी सातला प्रयोगशाळेत पोहोचले. पेटीच्या दोन किल्ल्या, एक दशरथांकडे, एक माझ्याकडे. पेटी उघडली. मखमलीवर वजने ओळीने बसलेली. त्यांतली दोन जड उचलली आणि कुर्त्याच्या आतल्या खिशांत टाकली. हातमोजे घालायचे राहिले, हे मुलुंडला पोहोचल्यावर लक्षात आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

नर्सने आकडा मोठ्याने वाचला. डॉ. सबनीसांनी टाळी वाजवली. "शाब्बास! बघा, मनावर घेतलं की होतं." केयूरने तिथूनच आईला फोन लावला. सासूबाईंचा आवाज मला ऐकू आला, "तूप कामी आलं म्हणावं."

मी आयुष्यात एकाही खोट्या प्रमाणपत्रावर सही केलेली नाही. एका कारखानदाराने टेबलावर पाकीट ठेवले होते, तेव्हा त्याला दशरथांकरवी खाली पोहोचवले. आज डॉक्टरांच्या कार्डावर जो आकडा चढला, त्याखाली माझी सही नाही. या फरकाला मी दिवसभर धरून बसले आहे. डॉक्टरांना आकडा हवा होता. बाळ हलते आहे. तेवढे पुरेसे आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सासूबाईंनी काळी साडी आणि हलव्याचे दागिने हौसेने आणले. बांगड्या हातातून कोपरापर्यंत सरकत होत्या. सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांतली एक, जिला कोणतीही गोष्ट मनात ठेवणे माहीत नाही, म्हणाली, "काय गं, सहावा ना तुला? पोट घरी विसरलीस की काय?" सगळ्या हसल्या. मीही. सासूबाई हसल्या नाहीत.

रोज कंगव्यात केसांचा पुंजका येतो. परवा साकीनाका मेट्रोच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी कठडा धरून पायरीवर बसले. एका अनोळखी बाईने पर्समधून चिक्की काढून दिली. मी ती आभार मानून मुठीत धरली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले. चिक्की नंतर एका फेरीवाल्याच्या टोपलीत ठेवली.

गुरुवार, २३ जानेवारी

प्रयोगशाळेत तपासणी होती. दशरथ पेटी घेऊन माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतले.

"मॅडम, ह्या वजनाक कोणीतरी उघड्या हातान धरलेला आसा. ठसो पुसलो हा, पण काटो सांगता."

मी आकडे पाहिले. त्यांचे बरोबर होते. त्यांचे नेहमीच बरोबर असतात.

"किल्ली कोणाकडे असते, दशरथ?"

"एक माझ्याकडे."

"तुमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हातही थरथरतो, मी पाहिले आहे."

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले. थरथरत नव्हते. मी अहवालात 'हाताळणीतील निष्काळजीपणा' असे लिहिले आणि त्यांच्याकडची किल्ली काढून घेतली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, आवाज न करता, वजन ठेवतात तशी. निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. त्यांच्या कागदावर आजवर एक डाग नव्हता.

दुपारी मी डबा पुढे केला. त्यांनी घेतला. "आईंच्या हाताक चव आसा," एवढेच म्हणाले.

मला झोप लागत नाही. कारण थंडी असावी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

या वेळी तीन वजने, रुमालात गुंडाळून. ठसा उमटायला नको.

आकडा उत्तम आला. मग डॉक्टरांनी मला झोपवले आणि पोटावर टेप धरली. एकदा. पुन्हा एकदा. मग सोनोग्राफीला पाठवले.

अठ्ठाविसावा आठवडा, आणि बाळ पंचवीस आठवड्यांएवढे.

"समजत नाही," डॉ. सबनीस कार्ड उलटसुलट करीत म्हणाल्या. "आईचं वजन इतकं छान वाढतंय. रक्त वाढवायला इंजेक्शनं चालू आहेत. साखर नाही, बीपी नाही. मग बाळ का वाढत नाही? वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, पोचत नसेल. किंवा एखादा संसर्ग." आणि त्यांनी तपासण्यांची यादी लिहायला घेतली, एक कागद, दुसरा कागद.

प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला शिकवते: मूळ प्रमाण चुकले की त्यावर बेतलेले प्रत्येक मोजमाप चुकते, आणि मोजणारा जितका हुशार, तितका तो आत्मविश्वासाने चुकतो. एक हुशार बाई माझ्यासमोर बसून माझ्या आकड्यावरून चुकत चालली होती. मी पाहत होते. खिशातली वजने मांड्यांना थंड लागत होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

डोहाळजेवण. मी नको म्हटले होते. सासूबाई म्हणाल्या, "बाळ लहान आहे म्हणून तर करायचं. ज्याला भूक नाही त्याला हाक मारून जेवायला बोलवावं लागतं."

फुलांचा मुकुट, हिरवी साडी, पाट, रांगोळी. समोर ताट नव्हे, प्रदर्शन: पुरणपोळी, नारळीभात, अळूचे फतफते, सुरळीच्या वड्या, श्रीखंड, पाच प्रकारचे भात. केयूरची मावशी ताटाला हात लावून म्हणाली, "सांग गं, डोहाळे कसले लागले? लाजायचं नाही, आज जे मागशील ते."

मी विचार केला. प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की मला वाटते आहे या खोलीतून सगळे निघून जावे, ताट निघून जावे, माझ्या हाडांवर जे काही आहे तेही निघून जावे, आणि बाळ मात्र राहावे. हे चारही एकत्र होत नाही, हे मला प्राथमिक गणितानेही कळते.

"कैरी," मी म्हणाले. सगळ्यांना आवडले.

मग एकेक जण घास भरवू लागली. तोंड उघडायचे, गिळायचे, हसायचे. आईने भरवताना चमच्याच्या टोकावर जेमतेम श्रीखंड घेतले आणि कानात म्हणाली, "एवढंच. मी आहे." सतरा घास झाले. मी मोजले. केयूर फोटो काढत होता. "जरा आनंदी दिस ना, यार, फाशी नाहीये!"

सगळ्या गेल्यावर सासूबाई माझा मुकुट सोडवायला बसल्या. फुले काढता काढता त्यांचा हात माझ्या खांद्याच्या हाडावर थांबला.

"ऋता, डबा रिकामा येतो रोज. जातो कुठे?"

"आई, काय बोलता!"

"तीस वर्षं पोरांचे डबे बघितलेत मी. जेवलेल्या पोराचा डबा खरकटा येतो. तुझा धुतलेला येतो."

मी उठून खोलीत आले आणि कडी लावली. माझ्यावर पाळत ठेवली जाते, हे मला सहन होत नाही. त्या बाहेर बराच वेळ उभ्या होत्या. पावलांची सावली दाराखाली दिसत होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तीन वजने. होय, आजही. बाळ वाढत नाही हे माहीत असताना. हे वाक्य मी दोनदा वाचले आणि ते कोणत्या माणसाने लिहिले असेल याचा विचार केला.

तिसावा आठवडा. दोन आठवड्यांत बाळ जवळपास तिथेच. तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या.

"वारेचाच दोष धरून चालायला हवं," डॉ. सबनीस म्हणाल्या. "गुरुवारी दाखल व्हा. फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं देऊ, रोज ठोके बघू. आतमध्ये उपाशी राहण्यापेक्षा बाहेर काढलेलं बरं, असं मला वाटायला लागलंय. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवू."

केयूरने विचारले, "आत्ता काढलं तर... जगेल ना?"

"बहुतेक जगतात. पण खूप लहान आहे. काचेच्या पेटीत महिना-दोन महिने. फुप्फुसं, डोळे, मेंदू, सगळ्याचीच काळजी असते. मी खोटा धीर देणार नाही."

'खोटा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते. तरी मला तसे वाटले.

परतताना रिक्षात केयूरने एकही विनोद केला नाही. माझा हात हातात घेतला आणि बोटे चाचपत राहिला. "तुझी काय चूक यात," म्हणाला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रजेचा अर्ज द्यायला प्रयोगशाळेत गेले. पेटीची किल्ली दशरथांना परत द्यावी लागली, दुसरे कोणी नाही. कारण विचारले नसताना मी सांगितले: बाळ वाढत नाही, लवकर काढावे लागेल, वारेचा दोष आहे.

त्यांनी पेटी उघडली. एक वजन हातमोज्यातून उचलून उजेडात धरले. वजनाच्या मुठीच्या खाचेत निळ्या सुताचा बारीक तंतू अडकला होता. कालचा माझा कुर्ता निळा होता.

"किल्ली तर तुमच्याकडेच होती," ते म्हणाले. बाहेर कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये पत्रा कापण्याचा आवाज येत होता.

"माका चोर धरूचो नाय, मॅडम. माझो कागद खराब झालो, तो पण ऱ्हवांदे. पण मी जन्मभर वजनांत काम केलंय. पोटुशी बाई खिशात वजना घालून खंय जाता, ता माका कळता." त्यांनी वजन मखमलीवर ठेवले. आता मात्र हात थरथरत होता. "रोज जेवलंय मी तुमचो डबो. वाटायचा, डोहाळे आसत, अन्न फुकट कित्याक घालवा. चार म्हयने मी त्या पोराच्या तोंडचो घास खाल्लंय."

"दशरथ, तसे नाही..."

"कसा नाय? तुमी शिकलेली माणसां. तुमीच सांगा, कसा नाय ता."

मी चौदा वर्षे या माणसाच्या चुका शोधण्यात घालवली आणि एकही सापडली नाही म्हणून शेवटी एक बनवली. तो रडत होता, आणि रडत होता ते स्वतः ते अन्न खाल्ल्याबद्दल, मी न खाल्ल्याबद्दल नव्हे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितले.

कसे ते लिहिते. दाखल होण्याआधी डॉ. सबनीसांच्या खोलीत बसलो होतो, मी, केयूर, सासूबाई.  'मी जेवत नाही' हे तीन शब्दांचे वाक्य मला उच्चारता येईना. शेवटी मला येणाऱ्या एकमेव भाषेत बोलले.

"डॉक्टर, सहा जानेवारी, तीन फेब्रुवारी आणि सतरा फेब्रुवारी या तारखांचे माझे आकडे रद्द समजा. ते खोटे आहेत. माझ्या खिशात वजने होती. वारेचा दोष त्या आकड्यांवरून धरला आहे, म्हणून तोही पुन्हा तपासावा लागेल."

 मग डॉक्टर उठल्या, काटा स्वतः ओढून आणला. "उभ्या राहा." मी उभी राहिले. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. कार्डावर लिहिला आणि पेन हातात तसेच राहिले.

"अर्जात विचारलं होतं मी."

"हो."

"पूर्वीही झालं होतं?"

"मी केले होते."

"केलं नव्हतंत. झालं होतं. हा आजार आहे, ऋता. तुम्ही लबाड आहात असं मी म्हणणार नाही."

लबाड म्हटले असते तर बरे झाले असते. लबाड माणूस निदान स्वतःच्या मर्जीने लबाड असतो.

केयूर खिडकीकडे तोंड करून उभा होता. वळला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. "आम्ही सगळे वारेला शिव्या घालत होतो, यार. वारेला! रात्रभर बसून वाचत होतो मी, वार म्हणजे काय, वार का बिघडते. आणि तू शेजारी पडून ऐकत होतीस." मग तो बाहेर निघून गेला. सासूबाई गेल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. पर्समधले तपासण्यांचे कागद काढून एकावर एक नीट लावत राहिल्या.

डॉक्टर म्हणाल्या, बाळ लगेच काढण्याचा विचार थांबवू. ठोके चांगले आहेत तोवर पोटातच वाढवून पाहू. मानसोपचारतज्ज्ञ येतील. अन्न हळूहळू वाढवायचे, उपाशी शरीराला एकदम भरवले तर तेही धोक्याचे. "जानेवारीत कळलं असतं तर..." आणि वाक्य अर्धेच ठेवले. उरलेले मी पूर्ण केले. मला कोणतेही वाक्य अर्धे ठेवता येत नाही.

प्रयोगशाळेला पत्र पाठवले: २३ जानेवारीच्या अहवालातील निष्काळजीपणा माझा आहे.

रविवार, ९ मार्च

अठरावा दिवस या खाटेवर. मानसोपचाराच्या डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि घाईने बोलतात, पण मूर्ख नाहीत. परवा विचारले, "तो मोजणारा आवाज कोणासारखा आहे?" काल आईचा फोन आला, "फार फुगवू नका म्हणावं डॉक्टरांना." मी प्रथमच फोन मध्येच ठेवला.

गुरुवारी सोनोग्राफी झाली. बाळ वाढले आहे. थोडे. अजूनही बरेच मागे आहे, आणि किती दिवस आत राहील, जन्मल्यावर कसे असेल, हे डॉ. सबनीस सांगू शकत नाहीत. तरी वाढले आहे. त्या पडद्यावर बोट ठेवून हसल्या. मी आनंदाने रडले, आणि रडता रडता माझ्याच दंडाभोवती बोटांचे कडे घालून पाहिले, किती जाड झाला ते. दोन्ही एकाच क्षणी. कोणी विचारले की बरे वाटते का, तर मी काय सांगावे?

केयूर रोज संध्याकाळी येतो, कमी बोलतो. काल जाताना थांबला आणि म्हणाला, "रागावलोय मी अजून. उद्याही येणारे."

आज दुपारी सासूबाई ताट घेऊन बसल्या होत्या. स्वतःचेही ताट घेतात, माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, सोसायटीतल्या भांडणांच्या हकीकती सांगतात. भात, मुगाची आमटी, भोपळ्याची भाजी. अर्ध्यावर आल्यावर मी थांबले. घास तोंडाशी जाईना. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आत आवाज नीट येत नाही, म्हणून त्या उठून दाराकडे गेल्या.

खोलीत मी एकटी. खाटेशेजारी कचऱ्याचा डबा, वर वर्तमानपत्र. सगळे मिळून दहा सेकंदांचे काम. त्या परत आल्यावर रिकामे ताट पाहून म्हणाल्या असत्या, "वा!" त्यांचे ते तोंड मला डोळ्यांपुढे दिसले. माझा हात ताटाखाली गेलाही होता.

"आई," मी हाक मारली.

"आले गं, दोन मिनिटं, केयूरच्या मावशीचा..."

"आई, फोन ठेवा. बाहेर जाऊ नका. तुम्ही गेलात तर मी हे टाकून देईन."

त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून मावशींचे "हॅलो, हॅलो" ऐकू येत होते. त्या आल्या, खुर्ची खाटेला लावून बसल्या. मी काय म्हणाले ते पुन्हा विचारले नाही.

"कुठवर आले होते मी?" त्या म्हणाल्या. "हां, तर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पार्किंगमध्ये काय केलं..."

भात गार झाला होता. मी खाल्ला. सगळा नाही.